डोळ्याची भिंत आवळली की डोळा लांब का होतो

डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सुटला म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांनी चष्म्याचा नवा नंबर मिळतो, तेव्हा तो पुष्कळदा चक्रावतो. पडदा जागेवर बसलेला असतो, दिसूही लागलेले असते, पण ज्या डोळ्याला आधी लांबचा नंबरच नव्हता त्याला आता उणे दीड किंवा उणे दोनचा चष्मा लागतो. ज्याला आधी उणे चार होता तो उणे सहाच्या घरात गेलेला असतो. परळला किंवा शीवला महापालिकेच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की 'पट्ट्यामुळे नंबर थोडा बदलतो' यापेक्षा जास्त काही समजावून सांगायला तिथल्या डॉक्टरांना क्वचितच उसंत मिळते. मग शस्त्रक्रियेत काहीतरी बिघडले असावे असा समज घेऊन रुग्ण घरी जातो. खरे तर बिघडलेले काहीच नसते. डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळून बसवल्यामुळे डोळ्याचा आकार बदललेला असतो आणि तो पुढून मागे किंचित लांबलेला असतो. हे असे का होते, आणि त्याच भिंतीवर दुसऱ्या जागी दाब दिला तर नेमके उलटे, म्हणजे डोळा आखूड का होतो, हे भूमितीचा थोडा आधार घेतला तर कोणालाही समजू शकते.

आधी मापे पाहू. डोळ्याची लांबी मोजायची ती समोरच्या पारपटलापासून, म्हणजे कॉर्नियापासून, मागच्या दृष्टिपटलाच्या मध्यापर्यंत. नवजात बाळात ही लांबी साधारण १७ मिलिमीटर असते आणि प्रौढ वयात ती २३ ते २४ मिलिमीटरवर स्थिरावते. पारपटल आणि आतले नैसर्गिक भिंग मिळून डोळ्याची प्रकाश वळवण्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर भरते. ही शक्ती आणि डोळ्याची लांबी यांचा मेळ बसला, तर लांबच्या वस्तूची प्रतिमा बरोबर दृष्टिपटलावर पडते. शक्ती तीच राहून डोळा लांब झाला, की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि मायनस नंबर येतो. डोळा आखूड झाला तर प्लस नंबर येतो. या मेळात चुकीला फारशी जागा नसते. एका मिलिमीटरच्या फरकाने नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने बदलतो. म्हणजे चष्म्याच्या दुकानात पाव-पाव नंबरासाठी आपण ज्या काचा बदलून बघतो, त्यांतल्या एका पायरीला लांबीतला जेमतेम दहाव्या हिश्श्याचा मिलिमीटर पुरतो.

ही लांबी राखण्याचे काम श्वेतपटलाचे असते. आरशात दिसणारा डोळ्याचा पांढरा भाग हा त्याचा अगदी थोडा अंश. डोळ्याच्या बाह्य आवरणाचा सुमारे पाच-षष्ठांश भाग श्वेतपटलाचाच असतो. एकमेकांत गुंतलेल्या कोलॅजेनच्या तंतूंनी ते बनलेले असते, त्यामुळे ते चिवट असते आणि सहजी ताणले जात नाही. त्याची जाडी मात्र सगळीकडे सारखी नसते. मागच्या ध्रुवापाशी ती साधारण एक मिलिमीटर असते, मधल्या परिघावर त्याच्या निम्मी, आणि डोळा फिरवणारे सरळ स्नायू जिथे चिकटतात त्याच्या लगेच मागे अवघी ०.३ मिलिमीटर. एवढ्या पातळ थरातून सुई अर्ध्या जाडीत फिरवायची आणि आत रक्तवाहिन्यांच्या जाळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे या शस्त्रक्रियेतले खरे हातकसब आहे.

भिंतीवर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना आली ती सुटलेल्या पडद्यामुळे. दृष्टिपटल भिंतीच्या आतल्या बाजूला वास्तविक फक्त टेकलेले असते. त्याला भोक किंवा चीर पडली, की डोळ्यातला द्रव त्यातून मागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो. लांब डोळ्यांत, म्हणजे मोठा मायनस नंबर असणाऱ्यांत, हे अधिक घडते, कारण त्यांचा पडदा ताणलेला आणि कडेला विरलेला असतो. यावरून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या डॉक्टरांनी एक सरळसोट तर्क केला, की डोळा पडद्याला मोठा झाला आहे, तेव्हा डोळाच आखूड करावा. १९०३ मध्ये लिओपोल्ड म्यूलर यांनी श्वेतपटलाचा एक तुकडा कापून काढला आणि उरलेल्या कडा शिवून टाकल्या. व्हिएन्नातल्या कार्ल लिंडनर यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत पुन्हा उचलून धरली. तर्क चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की सगळ्याचे मूळ ते भोक आहे. ते बुजवले तर पडदा बसतो, आणि ते उघडे राहिले तर बाकीचे सगळे श्रम वाया जातात. त्याआधी सुटलेला पडदा म्हणजे बहुधा गेलेला डोळा, अशीच स्थिती होती.

गोनँ यांच्या म्हणण्याला भिंतीवरच्या शस्त्रक्रियेची जोड मिळाली ती १९४९ मध्ये. जर्मनीतल्या अर्न्स्ट कुस्टोडिस यांनी श्वेतपटल कापून काढण्याऐवजी त्यावर बाहेरून एक गादी शिवली, जेणेकरून भिंतच आत दबून भोकाला जाऊन टेकावी. पुढे १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये चार्ल्स शेपेन्स यांनी डोळ्याला पूर्ण वेढा घालणारा पट्टा रूढ केला, आणि १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्वे लिंकॉफ यांनी सिलिकॉनचा स्पंज आणि गोठवून चिकटवण्याचे तंत्र आणले. आज मुंबईत 'बकल' किंवा 'बेल्ट' या नावाने ओळखली जाते ती हीच शस्त्रक्रिया. डोळ्याच्या आत शिरून द्रव काढणारी व्हिट्रेक्टॉमी आता कितीतरी अधिक प्रमाणात होते, तरी तरुण रुग्णांत, जिथे आतला जेलीसारखा द्रव अजून पडद्याला घट्ट धरून असतो, तिथे बकलला आजही मान आहे. मला विचाराल तर तो मिळायलाच हवा. आत न शिरता बाहेरून काम होते आणि तरुण डोळ्याचे नैसर्गिक भिंग बहुतेक वेळा स्वच्छ राहते. व्हिट्रेक्टॉमीनंतर मोतीबिंदू लवकर येतो. इथे तो धोका बराच कमी असतो.

आता पट्टा बसवताना काय होते ते पाहू. डोळ्याचे वरचे पातळ आवरण कापून चारही सरळ स्नायू रेशमी धाग्यांवर उचलले जातात, त्यांच्याखालून अडीच मिलिमीटर रुंदीची सिलिकॉनची पट्टी डोळ्याच्या मध्याभोवती फिरवली जाते, प्रत्येक चतुर्थांशात टाक्याने अडकवली जाते, आणि दोन्ही टोके एका छोट्या नळीत ओवून हवी तेवढी ओढली जातात. डोळ्याचा व्यास २४ मिलिमीटर धरला, तर मध्याचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर होतो. पट्टी १२ मिलिमीटरने आखूड केली, की घेर ६३ वर येतो आणि भिंत चहूबाजूंनी जवळजवळ दोन मिलिमीटर आत दबते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पट्टी किती ओढायची याचा अंदाज याच हिशेबाने बांधतात.

पाण्याने भरलेल्या फुग्याच्या कमरेला दोरा आवळला तर तो दोन्ही टोकांना पुढे येतो, हे लहानपणी बहुतेकांनी करून पाहिलेले असते, आणि डोळा लांबतो तो ढोबळमानाने असाच. पण फुग्याचे रबर ताणले जाते. श्वेतपटल ताणले जात नाही. त्यामुळे इथे प्रश्न असा होतो, की भिंतीची लांबी तेवढीच ठेवून डोळ्याचा आकार कसा बदलेल. पारपटलाच्या मध्यापासून निघून भिंतीवरून मागे जाणारी आणि दुसऱ्या बाजूने परत येणारी एक रेषा कल्पनेत काढा. सोयीसाठी डोळा पूर्ण गोल धरला, तर त्या रेषेची लांबीही ७५ मिलिमीटरच असणार. आता पट्ट्याने मधली त्रिज्या १२ वरून ११ मिलिमीटरवर आणली आणि डोळा लंबगोल झाला, पण ती रेषा तेवढीच राहिली. म्हणजे रुंदीत जे कमी झाले ते लांबीत निघाले पाहिजे. हिशेब केला तर लांबीकडची त्रिज्या साधारण १३ मिलिमीटर येते, म्हणजे डोळा २४ चा २६ मिलिमीटर होतो.

प्रत्यक्षात वाढ याच्या निम्मी किंवा त्याहून कमी, बहुधा अर्धा ते एक मिलिमीटर एवढीच असते. याचे कारण असे, की पट्टा अरुंद असतो आणि त्याच्याखालची भिंत सुबक लंबगोल न होता तिथल्या तिथे आत वळते. ती आत वळण्यातच त्या रेषेची थोडी लांबी खर्ची पडते. पट्टा माफक आवळला तर लंबगोल होण्याचा परिणाम वरचढ ठरतो आणि डोळा लांबतो. तोच पट्टा फार खोल आवळला, तर खळगीत जाणारी भिंत इतकी वाढते की पुढचे आणि मागचे टोक एकमेकांकडे ओढले जाते, आणि डोळा लांबण्याऐवजी आखूड होऊ लागतो. एकाच शस्त्रक्रियेचे दोन विरुद्ध परिणाम, तेही केवळ किती ओढले यावर अवलंबून, हे पहिल्यांदा वाचताना खोटे वाटते. पण कागदावर एक वर्तुळ काढून त्याचा घेर कायम ठेवून पाहिले तर पटते.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती नंबरापेक्षा कितीतरी महत्त्वाची ठरते. ठरावीक भिंतीत जास्तीत जास्त द्रव मावतो तो पूर्ण गोलात. आकार गोलापासून ढळला, की आतली जागा कमी होते. वरच्या उदाहरणातला गोल डोळा सुमारे ७.२ मिलिलिटरचा, लंबगोल झाल्यावर त्याची जागा नऊ टक्क्यांनी, म्हणजे साधारण ०.६५ मिलिलिटरने घटते. द्रव दाबून लहान होत नाही. त्यामुळे पट्टा आवळताक्षणी डोळ्यातला दाब झपाट्याने चढतो आणि पडद्याला रक्त पुरवणारी मधली रोहिणी बंद पडण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर एक तर पडद्यामागे साठलेला द्रव भिंतीला बारीक छेद देऊन बाहेर काढतात, किंवा पुढच्या कप्प्यातले थोडे पाणी सुईने काढतात, आणि पट्टा बांधल्यावर दृष्टिमज्जेवरचा रक्तप्रवाह नीट चालू आहे ना हे डोळ्यात डोकावून पाहिल्याशिवाय जखम बंद करत नाहीत.

पुढे नंबर वाढतो तो सगळा लांबीमुळेच असे मात्र नाही. पट्ट्याच्या दाबाने आतले भिंग किंचित पुढे सरकते आणि त्यानेही मायनस नंबरात थोडी भर पडते. पूर्ण वेढा न घालता एकाच जागी गादी शिवली असेल, तर लांबी फारशी बदलत नाही. पण ती गादी पुढून मागे अशा दिशेने बसवली आणि पारपटलाच्या जवळ आली, तर तिरका नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, येऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे हे सगळे हलते असते, म्हणून चष्मा घाईने करू नये असे सांगतात. रुग्णाला खरा त्रास होतो तो दुसऱ्या डोळ्याशी तुलना केल्यावर. एक डोळा शून्यावर आणि दुसरा उणे अडीचवर असला, की चष्म्यातून दोन्हीकडच्या प्रतिमांचा आकार वेगळा पडतो, आणि लोकलच्या पायरीवर पाऊल टाकताना अंतराचा अंदाज चुकतो. अशांना कॉन्टॅक्ट लेन्स बरी पडते.

वाढत्या वयात हाच पट्टा वेगळी अडचण उभी करतो. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांत पडदा अर्धवट सुटल्यावर कधी कधी पट्टा बसवावा लागतो. पण त्या वयात डोळा झपाट्याने वाढत असतो, आणि आवळलेला पट्टा त्याला रुंद होऊ न देता लांबच करत राहतो. म्हणून पडदा पक्का बसला, की काही महिन्यांनी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करून तो पट्टा कापतात. कापल्यावर वाढलेल्या मायनस नंबरातला बराच भाग परत उतरतो.

आता डोळा आखूड करणाऱ्या शस्त्रक्रियांकडे वळू. मोठ्या मायनस नंबराचा डोळा साधारण २६ मिलिमीटरच्या पुढे गेला, की त्याची मागची भिंत विरत जाते, आणि काहींत ती मागच्या बाजूला पिशवीसारखी फुगते. नंबर उणे पंधरा-वीस होणे ही त्यातली किरकोळ बाब. खरी काळजी अशी, की भिंत मागे गेली तरी पडदा तेवढा ताणला जात नाही, आणि दृष्टीच्या केंद्रस्थानी तो चिरफाळतो किंवा उचलला जातो. हा म्यूलर यांचाच जुना तर्क. फक्त आता तो नेमक्या जागी लागू पडतो. मागच्या भिंतीला आधार देण्यासाठी तिच्यावरून पट्टी नेण्याची कल्पना रशियातल्या शेवेल्योव यांनी १९३० मध्ये मांडली. पट्टी होती मांडीच्या स्नायूवरच्या चिवट आवरणाची. १९७२ मध्ये स्नायडर आणि थॉम्पसन यांनी तिला आजचे सोपे रूप दिले. दान केलेल्या डोळ्यातल्या श्वेतपटलाची एकच लांब पट्टी डोळ्याच्या मागच्या ध्रुवाखालून झोळीसारखी जाते आणि तिची दोन्ही टोके पुढे शिवली जातात. ती ताणून बांधली की मागचा फुगवटा लगेच थोडा पुढे येतो आणि डोळा आखूड होतो. पण कमावलेल्या लांबीतला काही भाग पुढच्या महिन्यांत निसटतो. रशिया आणि चीनमध्ये ही शस्त्रक्रिया बरीच झाली. इतरत्र तिच्याकडे सावधगिरीनेच पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मुलाचा नंबर दरवर्षी वाढतो म्हणून घाबरलेल्या पालकांनी तिची चौकशी करण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी कमी तीव्रतेचे ॲट्रोपीनचे थेंब, नंबराची वाढ रोखणारी खास भिंगे आणि दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ हे उपाय आहेत. त्यांतला शेवटचा फुकट असूनही आपल्या शहरात सर्वांत दुर्मीळ झाला आहे, ही गोष्ट वेगळी.

पट्टीचाच अधिक नेमका प्रकार म्हणजे मॅक्युलर बकल. शेपेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले होते. इथे डोळ्याला वेढा घातला जात नाही. टायटॅनियमची तार आत असलेली सिलिकॉनची वाकडी दांडी मागे सरकवून तिच्या टोकाने दृष्टीच्या केंद्रामागची भिंत पुढे ढकलली जाते. मागच्या ध्रुवालाच सरळ दाब मिळत असल्यामुळे इथे डोळा आखूडच होतो, तो एक-दोन मिलिमीटरने किंवा अधिकही, आणि मायनस नंबर काही डायॉप्टरने उतरतो. मात्र नंबर उतरवणे हा तिचा हेतू नसतो. चिरफाळलेल्या पडद्याला जवळ येणारी भिंत मिळावी यासाठी ती करतात. मागे दृष्टिमज्जा आणि रक्तवाहिन्यांची गर्दी असल्यामुळे ही शस्त्रक्रिया अवघड आहे आणि ती करणारे हात मोजकेच आहेत.

भिंतीला हात लावला की लांबी बदलतेच असेही नाही. काही लोकांचे डोळे जन्मतःच फार लहान असतात आणि त्यांचे श्वेतपटल जाड असते. त्या जाडीमुळे आतला द्रव बाहेर झिरपत नाही आणि पडदा उचलला जातो. अशा डोळ्यांत श्वेतपटलाचा अर्ध्या जाडीचा चौकोनी तुकडा तीन-चार ठिकाणी तासून काढतात. ती फक्त द्रवाला वाट करून देण्याची सोय असते. कडा एकमेकींना शिवल्या जात नाहीत, त्यामुळे डोळा होता तेवढाच राहतो. लेसिकचेही तसेच. त्यात पारपटलाचा आकार बदलून नंबर घालवला जातो, पण डोळा आत पूर्वीइतकाच लांब असतो. लग्नाआधी उणे आठचा चष्मा उतरवलेल्या माणसाचा पडदा सुटण्याचा धोका चष्म्याबरोबर उतरत नाही, आणि डोळ्यापुढे अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा वीज चमकल्यासारखे झाले, तर त्याने 'माझा नंबर तर गेला' असे म्हणून घरी बसू नये.

या सगळ्या मिलिमीटरांचा हिशेब चुकता करावा लागतो तो मोतीबिंदूच्या वेळी. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर मुख्यतः डोळ्याच्या लांबीवरून ठरतो. पट्टा बसून पंधरा वर्षे झाली, जुने कागद दोन पावसाळ्यांत भिजून गेले, आणि डोंबिवलीच्या नव्या डॉक्टरांना रुग्णाने 'पूर्वी एकदा डोळ्याचे काहीतरी झाले होते' एवढेच सांगितले, असे सर्रास घडते. लांबी नव्याने मोजली तर यात अडचण नाही, कारण आवळलेल्या डोळ्याची आजची लांबी हीच त्याची खरी लांबी. अडचण येते ती पट्ट्याआधीचे माप वापरले तर, किंवा पट्टा आणि मोतीबिंदू एकाच बैठकीत करायचे असतील तर. तेव्हा पुढे होणारी लांबीतली वाढ धरूनच भिंग निवडावे लागते. पडदा सुटलेला असतानाच माप घेतले, तर प्रकाशाने मोजणारे यंत्र पुढे आलेल्या पडद्यालाच मागची भिंत समजून डोळा आखूड सांगते. आणि पडदा जागेवर दाबून धरण्यासाठी डोळ्यात सिलिकॉनचे तेल भरलेले असेल तर ध्वनिलहरींनी मोजणारे यंत्र भलतेच फसते. डोळ्यातल्या नैसर्गिक द्रवातून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५३२ मीटर वेगाने जातो, तेलातून ९८० च्या आसपास. यंत्राला तेलाची कल्पना दिली नाही, तर १६ मिलिमीटरचा तेलाचा कप्पा त्याला २५ मिलिमीटरचा वाटतो, आणि त्या मापावर निवडलेल्या भिंगाने रुग्णाला दहाहून अधिक प्लस नंबराचा चष्मा लावावा लागेल. म्हणून पडद्याच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, ज्यावर पट्टा कोणता, तेल भरले का आणि भरले असल्यास काढले कधी हे लिहिलेले असते, ते मोतीबिंदूच्या पहिल्या तपासणीलाच सोबत न्यावे. आणि ते हरवले असेल, तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथल्या नोंदणी विभागातून त्याची प्रत मिळते का ते आधी विचारून यावे.